फकीरचाचांची पांढरी भिंत

छत्रीचं बटण दाबताना भागवत सरांच्या मनात कलेचा विचार नव्हता. नव्या मोबाइलवर पावसाचे दोन थेंब पडले होते, एवढंच.

पोळ्याची मिरवणूक मारुतीच्या पारापासून निघून पिंजारगल्लीत शिरली होती आणि सर गल्लीच्या दुसऱ्या तोंडाशी उभे राहून तिचा व्हिडिओ काढत होते. सर जानेफळच्या शाळेत चित्रकला शिकवतात. गावात कुठेही रंगाचं काही चाललं की ते टिपून ठेवणं आपल्या खात्यात येतं, असं त्यांनी स्वतःच ठरवलेलं आहे. काखेतली छत्री त्यांच्या बायकोची, काजलची. मोठमोठ्या पिवळ्या सूर्यफुलांची, बटण दाबलं की आपली आपण उघडणारी. घरातून निघताना काजल म्हणालीही होती, "बैलांच्या गर्दीत छत्री कशाला?" त्यावर सर म्हणाले होते, "बैलांसाठी नाही, मोबाइलसाठी आहे."

छत्री फट्ट करून उघडली. इंद्रभानच्या ठेकेदार नावाच्या बैलाच्या नाकासमोर, जिथे आत्तापर्यंत नुसती हवा होती, तिथे अचानक सूर्यफुलांचा मळा आला.

ठेकेदार या नावामागे कारण होतं. जोडीतला बंड्या औत ओढतो आणि हा शेजारून चालत काम बरोबर होतंय ना ते पाहतो, असं इंद्रभानचं म्हणणं. असा बैल उधळत नाही. त्याने फक्त पाठ फिरवली, भिंतीला कूस टेकवली आणि गल्लीभर अंग घासत मागे गेला. मागे बाकीचे बैल होते, जागा नव्हती. तेव्हा तो वळला आणि दुसरी कूस टेकवून तितक्याच सावकाश परत आला. सर छत्री मिटवायला विसरले होते. मोबाइलचं रेकॉर्डिंग मात्र चालू होतं आणि त्यात पुढचा बराच वेळ त्यांची स्वतःची चप्पल आली.

भिंत फकीर मोहम्मद चाचांची होती. तिला चुना परवाच मारला होता.

आता ती पांढरी नव्हती. गुलाबी आणि हिरव्या रंगाचे दोन पट्टे एकमेकांत घुसत, सुटत लांबवर गेले होते. झुलीचे ओले गोंडे घासत गेल्यामुळे खाली सगळीकडे ठिपके उडाले होते. वर शिंगाच्या ओल्या ऑइल पेंटने एक लाल रेघ ओढली होती. ती मध्येच तुटायची, पुढे जाऊन पुन्हा सुरू व्हायची. भिंतीच्या बरोबर मध्ये कंदील टांगायची जुनी खुंटी होती. तिथे बैलाने अंग चोरलं होतं, म्हणून खुंटीभोवतीचा चुना गोल, कोरा, पांढराशुभ्र राहिला होता.

चाचा बाहेर आले. त्यांनी भिंत पाहिली, मग बैल पाहिला, मग छत्री पाहिली.

"बंद करा ते," चाचा म्हणाले.

सरांनी छत्री बंद केली.

मिरवणूक पुढे गेली. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे म्हणत राहिले. भिंतीपाशी मात्र चौकशी बसली, आणि चौकशीत आधी ठरलं ते असं की यात कुणाचाच हात नाही.

"छत्री माझी नाही," सर म्हणाले. "काजलची आहे."

"अन् उघडली कोनं? काजलवहिनीनं?" इंद्रभानने विचारलं.

"बटण फार हलकं आहे तिचं."

"माहा बैल सरळ चालून राह्यला होता. त्याच्या थोबाडावर सूर्यफूल फेकलं, तं तो काय करीन?"

"पण इतका ओला रंग लावतं का कुणी बैलाला? दरवर्षी वाटीचे ठप्पे मारतोस की नाही तू?"

"ठप्पे मारायले टाइम कोनाले आहे, सर? पंपानं फवारला. दोन मिनटात बैल तयार."

पंप म्हणजे पाठीवर अडकवायचा, सोयाबीनवर औषध मारायचा. इंद्रभानने तो धुऊनबिवून घेतला होता, त्यात गुलाबी रंग कालवून एक कूस, हिरवा कालवून दुसरी कूस फवारली होती आणि वरून ओल्या अंगावरच झूल टाकली होती. एवढ्यावर तो थांबला असता तरी चाललं असतं. पण आभाळ आलेलं होतं. फवारणीचं औषध पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून त्यात एक चिकट द्रव टाकतात. त्याला शेतकरी स्टिकर म्हणतात. ते इंद्रभानने रंगात टाकलं होतं.

"पानावर औषध टिकते," तो म्हणाला, "तं बैलावर रंग काऊन नाई टिकनार?"

रंग टिकला होता हे तर सगळ्यांना दिसतच होतं.

एवढ्यात दारातून चाचांच्या बायकोचा, इमामचाचींचा, आवाज आला. "और झूल किसने सी थी?"

सगळी गल्ली चाचांकडे पाहू लागली. गोंडे त्यांच्याच हातचे होते.

"शुक्रवारच्या आधी भीत पांढरी पाह्यजे," एवढंच चाचा बोलले आणि पुन्हा छत्रीकडे पाहिलं.

"मी करतो, चाचा," सर म्हणाले. "माझ्या हाताने करतो."

शुक्रवारी चाचांच्या नातीची, उमैमाची, मंगनी होती. देऊळगाव राजाहून नवऱ्यामुलाच्या, आसिमच्या, घरचे येणार होते. खरं तर चुना पोळ्यानंतर मारा, असं चाचांना निम्म्या गावाने सांगितलं होतं. त्यावर चाचा म्हणाले होते, "पोळा रस्त्यानं जाते. भितीवरून नाई." आणि आजवर तो तसाच जात होता, हेही खरंच आहे.

फकीरचाचा घराण्याने पिंजारी. लहानपणी वडिलांबरोबर खांद्यावर कापूस पिंजायची कमान घेऊन हिवरा आश्रमापर्यंतची गावं ते पायी फिरले. दारात बसून कमानीची तात वाजवायची, कापूस भुरभुर उडवायचा, गादी भरून उठायचं. पुढे पिंजायची मशीन आली आणि कमान माळ्यावर गेली. चाचा गाद्या, उशा, लोड शिवायला लागले आणि पोळ्याच्या आधी महिनाभर बैलांच्या झुली. आसपासच्या गावांतले बैल वर्षातून एकदा चाचांचे कपडे घालतात.

बोलणं मात्र कमी. सगळा मऊपणा गादीत भरून टाकल्यामुळे बोलण्यात वापरायला शिल्लक राहत नसावा. गिऱ्हाईक म्हणायचं, "चाचा, गादी थोडी टणक वाटते." चाचा म्हणायचे, "झोपा." इमामचाचींनी चाळीस-एक वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून स्वयंपाकाची तारीफ ऐकलेली नाही. जेवताना दुसरी भाकरी मागितली तर ती तारीफ समजायची, असं त्यांनी लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं, आणि त्या हिशेबाने त्या समाधानी आहेत.

भागवत सरांना चाचांच्या झुली फार आवडायच्या. शिंप्यांच्या दुकानांतल्या कतरणीचं एक पोतं चाचांच्या मशीनशेजारी असतं. त्यात हात घालायचा, निघेल तो तुकडा जोडायचा. जांभळ्याशेजारी पोपटी, त्याला लागून कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाचा निळा. सरांनी एकदा विचारलं होतं, "चाचा, कुठल्या रंगाशेजारी कुठला लावायचा, हे कसं ठरवता?"

"जवळ असते तो," चाचा म्हणाले होते.

सरांनी हे उत्तर वर्गात सांगितलं नाही. अभ्यासक्रमात रंगसंगतीचा वेगळा धडा होता.

सरांचंही थोडं सांगायला हवं, कारण शुक्रवार जवळ येत होता आणि त्यात तेही अडकले होते. ते छत्रपती संभाजीनगरला चित्रकला शिकले. मग नोकरी लागली आणि सुविचाराचे फलक, स्नेहसंमेलनाचे पडदे, परीक्षेच्या पेट्या यांत दिवस गेले. तरी दरवर्षी एक चित्र काढून ते राज्याच्या प्रदर्शनाला पाठवायचे. ते दरवर्षी परत यायचं. परत येताना पॅकिंग जास्त चांगलं असायचं. आयुष्यात एकदा तरी आपलं चित्र भिंतीवर लागावं आणि खाली आपलं नाव असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी काजलखेरीज कुणाला सांगितली नव्हती, आणि काजलने ती सगळ्यांना सांगितली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी सर चुना किती लागेल ते पाहायला गल्लीत गेले आणि तिथेच उभे राहिले. पुढे झाले, मागे आले, समोरच्या ओट्यावर चढले. इतकी वर्षं ते मुलांच्या चित्रांत लाल पेनने चुका काढत आले होते. इथे त्यांना चूक सापडेना. तो गुलाबी जिथे संपायला हवा तिथेच संपला होता. ती लाल रेघ आपण काढली असती तर तुटू दिली नसती, आणि चित्र बिघडलं असतं. खुंटीभोवतीचं ते पांढरं सोडण्याची हिंमत तर त्यांना जन्मात झाली नसती.

त्यांनी फोटो काढला आणि दीपमालेला पाठवला. दीपमाला कॉलेजात त्यांच्या वर्गात होती. आता पुण्यात प्रदर्शनं मांडते. एरवी सरांच्या दिवाळीच्या शुभेच्छांना तिचं उत्तर संक्रांतीला येतं. आज लगेच फोन आला.

"भागवत, कुणाचं आहे हे?"

"आमच्याकडचंच आहे."

"तुझं?"

"तसं…" सर म्हणाले, "सुरुवात माझी होती."

दीपमालेने सांगितलं ते असं. ती अपघातातून घडलेल्या चित्रांचं प्रदर्शन मांडत होती. शिडीवरून रंग सांडणारे, कापड पावसात ठेवून देणारे, हातातले दोरे खाली टाकून जसे पडतील तसे चिकटवणारे असे बरेच कलाकार तिच्याकडे होते. पण ते सगळे फार विचार करून अविचार करायचे आणि ते दिसून यायचं. हे तसं नव्हतं.

"पण भिंत कशी आणणार मी? कॅनव्हासवर कर एक. असंच. अगदी असंच नको, नाहीतर अपघात वाटणार नाही. आणि कलाकार म्हणून कुणाचं नाव टाकू, ते कळव."

झालं. दुपारी चाचांच्या ओट्यावर पुन्हा बैठक बसली. माणसं तीच होती, फक्त बाजू बदलल्या होत्या.

"रंग माहा," इंद्रभान म्हणाला. "बैल माहा. स्टिकरची आयडिया तं खास माहीच."

"पण छत्री उघडली नसती तर तुझा बैल सरळच गेला असता. तूच म्हणालास. छत्री माझी."

"काजलवहिनीची."

"बटण मी दाबलं."

"काल म्हणत होते ते हलकं आहे म्हनून!"

चाचा गोंडा वळत बसले होते. त्यात त्यांचाही वाटा निघत होता. भिंत, चुना, झूल, खुंटी. पण ते मागत नव्हते.

"चाचा, तुमचं काय म्हणणं?" सरांनी विचारलं.

"मंग चुना कोन मारनार? कलाकार का छत्रीवाला?"

"मीच मारणार, चाचा. आधी कापडावर एक होऊन जाऊ द्या."

रविवारी ते करायचं ठरलं. चाचांनी मांजरपाटाचे पन्हे जोडून भिंतीएवढं कापड शिवून दिलं, आणि ते त्याच भिंतीवर खिळ्यांनी ठोकू दिलं. खिळे ठोकताना सरांच्या मनात आलं की चाचा आज फारच सैल सोडताहेत. नंतर कळलं की तेवढा वेळ भिंत झाकलेली राहावी, असा त्यांचा विचार होता.

इंद्रभानने ठेकेदाराला नदीवर धुऊन आणलं, पंपाने फवारलं, झूल टाकली. सरांनी छत्री घेतली. गल्लीतली माणसं ओट्यावर बसली. उमैमाने मोबाइल धरला. ती मेहकरच्या एका मेडिकल दुकानात कामाला होती आणि रविवारची सुट्टी असल्यामुळे घरी होती.

"सर, अपघात आहे हं," ती म्हणाली. "नॅचरल वाटू द्या."

सर नॅचरल चालत आले. त्यांनी मोबाइलकडे पाहिल्यासारखं केलं, आभाळाकडे पाहिलं आणि बटण दाबलं. फट्ट.

ठेकेदाराने छत्रीकडे पाहिलं. ही आपण मागच्या वेळी पाहिली आहे, असा भाव त्याच्या तोंडावर होता.

सरांनी छत्री मिटली, कोपऱ्याआड गेले, पुन्हा आले. फट्ट. बैल रवंथ करत होता. तिसऱ्यांदा सर बैलाच्या मागून आले. चौथ्यांदा पळत आले. मग इंद्रभानने कासरा ओढून बैलाला कापडाशी लावायचा प्रयत्न केला. कापडावर एक गुलाबी ठसा उमटला, पोस्टाच्या पुसट शिक्क्यासारखा.

"फटाका लावा एखादा," ओट्यावरून कुणीतरी म्हणालं.

"तुह्या कानाजवळ लावू का बे?" इंद्रभान भडकला. "जनावर हाये ते. कलेसाठी त्याले भेव दाखोनार नाई म्या."

"पहिल्यांदा दाखवलंच ना."

"तवा माहीत नव्हतं कला आहे म्हनून."

ठेकेदाराने मग दोन गोष्टी केल्या. मांजरपाटाचा एक कोपरा तोंडात घेऊन सावकाश खाल्ला आणि अंगावर माशी बसल्यासारखं अंग झाडलं. सगळा हिरवा रंग सरांच्या शर्टावर आला. घरी गेल्यावर काजलने शर्ट पाहिला, छत्री पाहिली आणि विचारलं, "झाली का कला?"

दीपमालेने व्हिडिओ पाहिला. "कापडावर काही नाही रे," ती म्हणाली. "शर्ट बरा आहे. पण ते जाऊ दे. मी शनिवारी येते, फोटोग्राफर घेऊन. भिंतीचेच मोठे फोटो लावू. खाली तुझं नाव टाकते. तोपर्यंत त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही."

खाली तुझं नाव. सरांना रात्रभर बरं वाटलं. सकाळी आठवलं की शनिवारच्या आधी शुक्रवार येतो.

त्यांनी चाचांना वळवायचे सगळे प्रयत्न केले. चुना मिळत नाही म्हणाले. चाचांनी अंगणातली चुन्याची गोणी दाखवली. कुंचा नाही म्हणाले. चाचांनी कुंचा दिला. शेवटी गुरुवारी सकाळी सर खरं तेच बोलले.

"चाचा, एकच दिवस. पाहुणे शुक्रवारी, ती शनिवारी. रविवारी मी दोन नाही, तीन हात मारून देतो."

"पाव्हण्याइले रविवारी बोलाऊ का?"

"तसं नाही. पण पुण्याचे लोक म्हणताहेत की हे मोठं काम आहे."

"असंन," चाचा म्हणाले. मग त्यांच्या मानाने ते खूपच बोलले. "पोरीले बाप नाई. तिकडचे पाव्हणे पह्यल्यांदा येऊन राह्यले. पोरगी ज्या घरातून जाते, त्या घराची भीत लोक आधी पाह्यतात. म्हाताऱ्याच्यानं भीत सांभाळनं होत नाई, तं पोरगी काय सांभाळली असंन, असं वाटते लोकाइले. तुमी कलाकार हा. मले शुक्रवारी आजा व्हायचं आहे."

उमैमा आतून आली. "सर, मला तर आवडली होती भिंत," ती हळूच म्हणाली. "पण दादाजींना सांगू नका."

सरांनी मोबाइल काढला आणि दीपमालेला लिहिलं की भिंतीचं जमत नाही. मग मोबाइल खिशात ठेवून बाही वर केली. बादलीत चुना भिजला होता, नीळ आणि डिंक घातला होता. सरांनी डावीकडून सुरुवात केली. गुलाबी गेला. हिरवा गेला. ठिपके एकेक करून गेले. तुटलेल्या लाल रेघेवरून कुंचा फिरवताना ते जरा थांबले, मग फिरवला. खुंटीभोवतीच्या पांढऱ्यावर मात्र त्यांनी दोन हात जास्तीचे दिले. तेवढ्याच जागी काही पुसल्यासारखं वाटत नव्हतं.

इमामचाचींनी चहा आणून दिला. चाचा मशीनवर बसून होते. मध्ये एकदा उठून आले, कोपऱ्यातली राहिलेली जागा बोटाने दाखवली आणि परत गेले.

ओला चुना काही झाकत नाही. सुकतो तसतसा पांढरा होतो. दुपारनंतर भिंत पांढरी होत गेली आणि संध्याकाळपर्यंत कुणाचाही आजोबा व्हायला पुरेल इतकी पांढरी झाली. सर घरी गेले. त्यांनी आयुष्यात रंगवलेली ही सर्वांत मोठी भिंत होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी उमैमाचा फोन आला.

"सर, लवकर या. दादाजी गप्प आहेत."

"ते नेहमीच गप्प असतात, बेटा."

"आज बसून गप्प आहेत."

सर गेले. चाचा ओट्यावर बसले होते, समोर भिंत होती. चुना पुरता सुकला होता आणि त्याच्या आतून सगळं वर आलं होतं. स्टिकर आपलं काम करत होतं. पिकल्या पेरूच्या आतल्यासारखा गुलाबी. कडुलिंबाच्या कोवळ्या पाल्यासारखा हिरवा. दोन्ही चुन्याच्या पडद्याआडून, मंद. लाल रेघेवरचा चुना तर जागोजागी सुटून पापुद्रे पडले होते, आणि रेघ आधी तुटली होती तिथे जुळलेली आणि जुळली होती तिथे तुटलेली दिसत होती. मध्ये खुंटीभोवतीचं पांढरं जास्तीच्या दोन हातांनी आणखी उजळलं होतं.

"चाचा," सर म्हणाले, "मी खरंच दोन हात मारले होते."

"पाह्यलं म्या."

"आता अजून एक…"

"सुकन कवा?"

गल्लीच्या तोंडाशी गाडी वाजली. पाहुणे आले होते.

पुढच्या सीटवरून आसिमची आई, मलिहाबी, उतरली. अंगाने भारदस्त बाई, देऊळगाव राजाला कापडाचं दुकान स्वतः बसून चालवते. इमामचाची डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे झाल्या. पण मलिहाबी आत गेली नाही. ती भिंतीसमोर उभी राहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. सर मनातल्या मनात म्हणाले, बैलही असाच चालला होता.

चाचा उठून उभे राहिले. इमामचाचींनी उमैमाचा हात धरला. इंद्रभानला खास निमंत्रण होतं, तो धुतलेला सदरा घालून आला होता आणि आता कुणाच्या तरी मागे उभा राहायला जागा शोधत होता.

"ये कौन से पेंटर ने किया?" मलिहाबीने विचारलं.

गेल्याच आठवड्यात याच ओट्यावर नावासाठी भांडण झालं होतं, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. इंद्रभान आभाळाकडे पाहू लागला. सर चपलेकडे पाहू लागले.

चाचांनी हात वर केला आणि बोट सरांकडे केलं. "ये हमारे भागवत सर. ड्रॉइंग के."

फासावर चढताना सोबतीला आपलं माणूस न्यावं तसं चाचांनी केलं, असं सरांना वाटलं.

"हमारी बैठक में ऐसाच होना," मलिहाबी म्हणाली. "शादी के पहले. ये सफेद के अंदर से रंग निकलके आया, वैसाच. हमारे इधर के पेंटरों को समझताच नहीं, सीधा लाल पट्टा मारते." मग ती चाचांकडे वळली. "घर बहुत सलीके का है आपका."

चाचांनी मान हलवली. जणू या गोष्टीबद्दल त्यांना कधी शंका नव्हती.

सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. "ते मी…" इमामचाचींनी तेवढ्यात त्यांच्या हातात खिरीची वाटी ठेवली आणि अशा नजरेने पाहिलं की सरांनी तोंड खिरीसाठी वापरलं. मंगनी झाली. साखर वाटली. उमैमा लाजली, पण लाजता लाजता आसिमला भिंत दाखवत होती. जेवणं झाली. इमामचाचींनी पाहिलं की चाचांनी दुसरी भाकरी घेतली, आणि तिसरीही घेतली.

शनिवारी सरांनी नव्या भिंतीचा फोटो दीपमालेला पाठवला. तिने बराच वेळ पाहिला असावा.

"छान आहे रे, भागवत. पण आता हे ठरवून केल्यासारखं दिसतंय. अपघात वाटत नाही."

"अगं, यातलं काहीच कुणी ठरवलेलं नव्हतं!"

"हो, पण दिसत नाही ना तसं."

प्रदर्शन सरांच्या नावाशिवाय पार पडलं. जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं आपल्याला वाटत नाही, हे त्यांच्या दोन दिवसांनी लक्षात आलं. गल्लीतून जाणारे लोक त्या भिंतीपाशी थांबायला लागले होते आणि "भागवत सरांनी केली" म्हणायला लागले होते. इंद्रभान सोबत असला तर तो त्यात "अन् माह्या बैलानं" एवढं घालायचा. सरांची हरकत नव्हती.

मग आसिमचा फोन आला. अम्मीने बैठकीची भिंत कोरी करून ठेवली आहे. सर कधी येता? देऊळगाव राजाच्या स्टँडवर घ्यायला येतो.

सर थेट चाचांकडे गेले. चाचा मशीनवर होते. पोत्यात हात घालून निघालेला तुकडा जोडत होते.

"चाचा, आता काय करू मी? तुम्ही नाव सांगून मोकळे झालात. तिथे गल्ली नाही, मिरवणूक नाही. बैठक दुसऱ्या मजल्यावर आहे, बैल कसा नेणार? आणि नेला तरी तो काही करत नाही, आपण पाहिलंय. मला हातात ब्रश घेतला की ते जमत नाही. सगळं नीटच होतं. लोकांचं लग्नाचं घर, तुमच्या नातीचं सासर. खरं सांगून टाकू का? की जाऊ? आणि गेलो तरी सोबत नेऊ काय?"

चाचांनी दोरा दातात धरून तोडला.

"छत्री न्या," ते म्हणाले.